वास मशीनला, बोल बाईला

गेल्या श्रावणात हिंगणघाटला आपाकडे गेलो होतो. शुक्रवार होता. दुल्हेभाई जुम्म्याच्या नमाजसाठी निघाले होते. दोरीवरचा पांढरा कुर्ता त्यांनी ओढला, नाकाशी नेला आणि पलंगावर भिरकावला. "पुन्हा तोच वास. एवढी महागाची मशीन घेऊन दिली, तरी कपडे धड धुता येत नाहीत?" आपा काही बोलली नाही. कुर्ता उचलून मोरीत गेली आणि साबणाची वडी घेऊन हाताने घासायला बसली. तिच्या शेजारीच ती फ्रंट लोड मशीन उभी होती. तिचे हप्ते अजून चालू होते.

चौकशी केली तेव्हा कळलं, हे चार महिन्यांपासून चाललंय. आधी सासूबाई म्हणाल्या, सून कपडे मशीनमध्येच ठेवून विसरते. मग मेकॅनिक आला. त्याने दार उघडून आत वाकून पाहिलं आणि "मॅडम पावडर जास्त टाकतात" असं निदान करून मशीन साफ करायच्या पावडरच्या तीन पुड्या विकून गेला. पावडर किती टाकायची, ते मात्र त्याने सांगितलं नाही. पुड्या संपल्या, वास राहिला. शेजारणीने वासाचं निळं कंडिशनर सुचवलं. ते टाकल्यावर आठ दिवस कपड्यांना गुलाबाचा वास आला आणि नवव्या दिवशी गुलाबात कुजलेल्या फडक्याचा वास मिसळला.

या चार महिन्यांत घरातल्या प्रत्येकाने आपाकडे बोट दाखवलं. मशीन उघडून मात्र कुणीच पाहिली नाही. हा लेख त्याबद्दल आहे. लेख धुण्याच्या मशीनवर आहे म्हणून पुरुष वाचकांनी इथूनच परत फिरू नये. त्यांच्यासाठीच तो लिहिलाय.

त्या दिवशी नमाजहून आल्यावर मी दुल्हेभाईंना विचारलं, "याचा फिल्टर कधी साफ केला होता?" ते म्हणाले, "फिल्टर असतो?" हसू नका. माझ्या स्वतःच्या घरी मशीन येऊन दोन वर्षं झाली तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. बहुतेक फ्रंट लोड मशीनना समोरच्या बाजूला, खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं. त्याच्या मागे पाणी उपसणाऱ्या पंपाचा फिल्टर. आम्ही वीज बंद केली, परात लावली, झाकण उघडलं आणि फिल्टर हळूहळू फिरवला. आधी काळं पाणी आलं. त्याचा वास असा होता की सासूबाई आतल्या खोलीतून "गटार फुटलं का?" म्हणून बाहेर आल्या. मग फिल्टर निघाला. त्यावर केसांचा आणि धाग्यांचा चिकट काळा गोळा, दोन रुपयांचं नाणं, एक स्क्रू, ओढणीची एक पिन आणि खर्ऱ्याच्या तीन पन्न्या.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून पन्नीत बांधून दिलेला आमच्याकडचा सार्वत्रिक रोग. आपा खर्रा खात नाही. सासूबाईही खात नाहीत. त्या तीन पन्न्या कुणाच्या खिशातून आल्या, हे परातीभोवती बसलेल्या प्रत्येकाला कळलं. चार महिने आरोपीच्या पिंजऱ्यात एक माणूस उभा होता आणि निदान काही मुद्देमाल तरी दुसऱ्याच्या खिशातला निघाला.

अर्थात सगळा वास पन्न्यांचा नव्हता. तो कसा तयार होतो, हे नीट समजून घेतलं तर दोष कुणाला द्यायचा हेही नीट समजेल.

फ्रंट लोड मशीनमध्ये दोन पिंपं असतात. आपल्याला दिसतं ते आतलं, भोकांचं, स्टीलचं आणि चकचकीत. त्याच्या बाहेर दुसरं पिंप असतं. पाणी त्यात साठतं आणि ते आपल्याला कधीच दिसत नाही. ही मशीन पाणी कमी वापरते. तो तिचा गुणच आहे. पण पाणी कमी म्हणजे जास्तीची पावडर वाहून न्यायलाही पाणी कमी. न विरघळलेली पावडर, कंडिशनरचा मेणचट अंश, अंगाचं तेल, घाम आणि कपड्यांचा भुसा यांचा एक थर दोन पिंपांच्या मधल्या जागेत बसत जातो. दाराच्या रबराच्या घडीत पाणी साचून राहतं. धुणं झालं की आपण दार घट्ट लावतो, कारण उघडं दार दिसायला बरं दिसत नाही. आत अंधार, ओल, ऊब आणि खायला भरपूर. जिवाणूंना आणि बुरशीला आणखी काय हवं? ते तिथे चिकट थर करून राहतात आणि प्रत्येक धुण्याला थोडे थोडे कपड्यांवर उतरतात.

२०१२ साली जपानी संशोधकांनी ओल्या कपड्यांच्या त्या ओळखीच्या कुबट वासामागचा एक प्रमुख जिवाणू शोधून प्रसिद्ध केला. त्याचं नाव मोराक्सेला ओस्लोएन्सिस. तो धुण्यातून आणि वाळवण्यातूनही तग धरतो. कपडा सुकला की वास दबतो आणि घामाने किंवा पाण्याने पुन्हा ओला झाला की वर येतो. म्हणून कपाटातून काढताना ठीक वाटणारा कुर्ता वुजू करताना बाहीवर दोन थेंब पडले की ओरडतो. दुल्हेभाईंना वाटत होतं, बायको एखाद्या दिवशी नीट धुते आणि एखाद्या दिवशी टाळाटाळ करते. ती रोज सारखंच धूत होती.

थंड पाण्याने आणि पंधरा मिनिटांच्या क्विक वॉशने हा थर हलत नाही. दुकानात मशीन विकताना मात्र हेच बटण कौतुकाने दाखवतात. पंधरा मिनिटांत कपडे तयार! सकाळी डबे, मुलांची शाळा आणि दोन तासांचा नळ सांभाळणारी बाई ते बटण दाबणारच. त्याच मशीनला महिन्यातून एकदा रिकामं, गरम पाण्यावर चालवावं लागतं, हे विक्रेता सांगत नाही. ते माहितीपुस्तिकेत असतं. आपाकडची पुस्तिका इंग्रजी आणि हिंदीत होती. मराठीत एक ओळ नव्हती. ती वॉरंटी कार्डासोबत पिशवीत घालून कपाटावर ठेवली होती. कपाटाची ती फळी फक्त दुल्हेभाईंच्या हाताला पुरते.

आता आपल्या पाण्याकडे या. वर्धा जिल्ह्याचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या कातळावर बसलेला आहे. या खडकातून झिरपून बोअरला येणारं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊनच येतं. बादलीच्या काठावरची पांढरी किनार आणि गीझरच्या कॉइलवरचं कवच रोज पाहणाऱ्यांना हे सांगायला नको. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, साका होतो. डिटर्जंट त्यामानाने टिकतं, पण त्याचीही बरीच ताकद कॅल्शियमशी झुंजण्यात जाते. मग फेस दिसत नाही म्हणून बाई आणखी पावडर टाकते. ती पावडरही बहुतेक घरांत हाताने धुण्यासाठीची, बादलीत भरपूर फेस करणारी असते, कारण ती स्वस्त मिळते. जिथे पाणी मऊ असतं तिथे या मशीनमध्ये तिचा इतका फेस होतो की कपडे एकमेकांवर आपटतच नाहीत. जिथे जड असतं तिथे तिचा साका होतो. दोन्हीकडून थर वाढतो. मेकॅनिक म्हणाला, पावडर जास्त टाकता. अर्धं खरं होतं. आपल्या पाण्यात कोणती पावडर किती टाकायची, हे तिला कुणीच कधी सांगितलं नव्हतं, हे उरलेलं अर्धं.

हे आपल्या खेड्यापाड्यांचं अज्ञान आहे, असं कुणी समजू नये. अमेरिकेत व्हर्लपूल कंपनीच्या फ्रंट लोड मशीनना बुरशी आणि दुर्गंध येतो, म्हणून ग्राहकांनी सामूहिक खटले भरले. मशीन स्वतःतला मळ धुऊन टाकू शकत नाही, हा रचनेचाच दोष आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१४ साली ओहायोतल्या ज्यूरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला. पुढे २०१६ मध्ये हे प्रकरण देशभरच्या ग्राहकांशी तडजोडीने मिटलं. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे निदान प्रश्न योग्य जागी विचारला गेला. वास येतो, तर मशीनची रचना तपासा, सूचना तपासा, वापर तपासा. आमच्याकडे वास येतो, तर सून तपासा.

इथे एक जुनी जखम उघडतो. काही वर्षांपूर्वी भाड्याचं घर शोधत होतो. एका घरमालकाने नाव विचारलं, मग क्षणभर थांबून म्हणाले, "तुमचं काही नाही हो, पण तुमच्या लोकांच्या स्वयंपाकाचा वास येतो." तोवर आमच्या घरातली एक वाटीसुद्धा त्यांच्या दारात आली नव्हती. माझ्या दलित मित्रांकडे असे किस्से माझ्यापेक्षा जास्त आहेत. वास ही तक्रार फार सोयीची असते. तिला पुरावा लागत नाही, ती मोजता येत नाही आणि ज्याच्यावर ठेवली तो खाली मान घालून स्वतःचीच बाही हुंगायला लागतो. आपल्यावर ती ठेवली गेली की आपण लेख लिहितो, भाषणं करतो. मग घरी येतो आणि तीच तक्रार बायकोवर ठेवतो. तीही बिनपुराव्याची. तीही आपल्यापेक्षा कमी ताकदीच्या माणसावर. त्या घरमालकाने स्वयंपाकघर पाहिलं नव्हतं आणि आपण फिल्टर पाहिला नव्हता. दोघांत फरक आहे, पण वाटतो तेवढा नाही.

मला माहीत आहे, यावर काय उत्तरं येतील.

पहिलं उत्तर: आमच्या आईच्या वेळी मशीन नव्हती, हाताने धुतलेल्या कपड्यांना कधी वास आला का? नसेल आला. पण त्या कपड्यांची किंमत आईच्या कमरेने आणि हाताला पडलेल्या भेगांनी दिली. तिच्या वतीने ती किंमत स्वस्त ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? हाताने धुण्याची महती सांगणाऱ्याने आधी सलग महिनाभर घरातल्या सगळ्यांचं धुणं धुवावं. मग बोलू.

दुसरं उत्तर: आम्ही मदत करतो, मशीन लावतो. बटण दाबणं म्हणजे धुणं नव्हे. खिसे तपासणं, पांढरे-रंगीत वेगळे करणं, काढणं, वाळत घालणं, पाऊस आला की धावणं, घड्या घालणं आणि ज्या यंत्राने धुतलं तेच धुणं, हे सगळं धुण्यात येतं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७. यात एक पेच आहे. हे ९७ मिनिटं जे पुरुष घरकाम करतात त्यांचे आहेत. दिवसभरात काही ना काही घरकाम करणाऱ्या बायका ८१ टक्के होत्या आणि पुरुष २६ टक्के. बाकीच्यांची मिनिटं मोजायला मिनिटंच नव्हती. २०१५ पासून एक पावडर कंपनी ओझं वाटून घ्या असं सांगणाऱ्या जाहिराती करते आहे. त्या बघून आमचे डोळे पाणावतात. पण त्यातही पुरुष मशीनसमोर उभा राहिला की आपण टाळ्या वाजवून मोकळे होतो. मशीनच्या खालचं झाकण उघडायला गुडघ्यावर बसावं लागतं. ते काम कुणाचं, हा प्रश्न राहूनच जातो.

तिसरं उत्तर आमच्या मोहल्ल्यातलं: मशीनमध्ये कपडा पाक होतो का, हाच मुळात सवाल आहे. पाक-नापाकची चर्चा आमच्याकडे रात्ररात्र चालते आणि ती करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात स्वतःचा रुमाल धुतलेला नसतो. मी आलिम नाही, फतवा देत नाही. एवढंच म्हणतो की मैल काढून टाकणं आणि मैलावर सुगंध ओतणं, यांतला फरक ज्याला तहारत शिकवली गेली त्याने तरी ओळखावा. अत्तराने कपडा पाक होत नाही, हे मदरशातलं पोरही सांगेल. मग निळ्या कंडिशनरने तो कसा होईल? आणि पैगंबर घरात असताना घरची कामं करत, आपला कपडा स्वतः शिवत, चप्पल स्वतः सांधत, हे हजरत आयशांनी सांगितल्याचं आपण सीरतच्या जलशात दरवर्षी ऐकतो. ऐकून घरी येतो आणि धुतलेला कुर्ता मागतो.

आणि हे सगळं कोणत्या जिल्ह्यात? याच जिल्ह्यात १९३६ साली गांधीजी शेगावात येऊन राहिले. त्याचंच पुढे सेवाग्राम झालं. तिथे संडास साफ करण्याचं काम आश्रमातली माणसं स्वतः करत. त्यासाठी वेगळी जात नेमलेली नव्हती. याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, पुढे देशाचे राष्ट्रपती झालेले. हाताने काम केल्याशिवाय शिक्षण पुरं होत नाही, हा त्या आराखड्याचा गाभा. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगावच्या परिटाच्या घरात १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. धुणाऱ्यांच्या जातीतला हा माणूस पुढे गावोगाव झाडू घेऊन फिरला. २० डिसेंबरला त्यांच्या फोटोला हार घालून, नवा कोरा झाडू हातात धरून, आधीच झाडलेल्या अंगणात फोटो काढून घेण्यात आपण तरबेज आहोत. नाव घ्यायचं असेल तर मशीनखाली परात लावा.

कसं करायचं ते सांगतो. अवघड नाही.

खिसे ज्याचे त्याने रिकामे करावेत. मशीनसाठीची, कमी फेसाची पावडर आणावी आणि ती मोजून टाकावी. मापाच्या आकड्यांपासून सुरुवात करावी आणि हातातल्या कपड्याला बुळबुळीतपणा राहत असेल तर कमी करावी. कंडिशनर बंद करावं किंवा क्वचित वापरावं. धुणं झालं की कपडे लगेच काढावेत, रबराची घडी उलटी करून कोरड्या फडक्याने पुसावी आणि दार व पावडरचा कप्पा उघडा ठेवावा. घरात लहान मूल असेल तर दारावर लक्ष ठेवावं. टॉवेल, बनियन आणि चादरी आठवड्यातून एकदा ६० अंशांवर धुवाव्यात. महिन्यातून एकदा मशीन रिकामी, सगळ्यात गरम फेरीवर किंवा ड्रम क्लीनवर चालवावी. एखाद-दोन युनिट वीज जाईल. आपल्या जड पाण्यासाठी अधूनमधून त्या फेरीत लिंबूसत्त्व टाकलं तर क्षार सुटतात. पण लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. पावडरचा कप्पा ओढून बाहेर काढावा आणि जुन्या टूथब्रशने घासावा. फिल्टर महिन्यातून एकदा उघडावा. वीज बंद करून, आतलं पाणी गार झाल्यावर, परात लावून. एवढं करूनही वास आला आणि तो कुबट नसून गटाराचा असला, तर मागचा पाणी सोडणारा पाइप मोरीच्या भोकात खोलवर कोंबलेला आहे का, ते बघावं. वास तिथून उलटा येतो.

वरच्या परिच्छेदात एकही काम असं नाही, ज्यासाठी बाईच लागते.

आपाच्या घरी त्या दिवशी आम्ही मशीन दोनदा गरम पाण्यावर चालवली. पहिल्या फेरीच्या पाण्यात राखाडी पापुद्रे तरंगताना काचेतून दिसत होते आणि सासूबाई स्टूल घेऊन समोर बसून ते पाहत होत्या. शेवटी त्या सुनेला म्हणाल्या, "हे सगळं आत होतं?" माफी नव्हती ती, पण मी त्यांच्या तोंडून ऐकलेली त्याच्या सर्वांत जवळची गोष्ट होती.

मागच्या महिन्यात दुल्हेभाईंचा फोन आला. फिल्टर कुठल्या बाजूला फिरवला की उघडतो, ते विसरले होते. "तुझ्या आपाला विचारलं तर हसते," म्हणाले. सांगितलं, डावीकडे, आणि परात आधी लावा. त्यांनी नंतर लावली. त्या दिवशी मोरीची फरशी कुणी पुसली, ते मी मुद्दाम विचारलं. त्यांनीच पुसली होती.